तारखेवर ट्रेंडलाइन टाकली की स्लोप जवळजवळ शून्य येतोय, शिवाय तीन पंपांची मिळून एकच रेघ हवीये

बिंदूमाळ:

नमस्कार मंडळी. पायथनमधे प्लॉटली एक्सप्रेस वापरून ग्राफ करतोय. तीन पंप आहेत, त्यांचं कंपन मोजून ठेवलंय मिलिमीटर प्रति सेकंदमधे, साधारण वर्षभराचा डेटा आहे पण रीडिंग रोजची नाहीत, कधी दोन दिवसांनी घेतलंय तर कधी मधे तीन आठवडे काहीच नाही. कॉलम तीनच, तारीख, पंप आणि कंपन. स्कॅटर काढला, कलरला पंप दिला, ट्रेंडलाइनला ओएलएस दिलं (ठिपक्यांना सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेघ बसवायची नेहमीची पद्धत), रेघा आल्या, दिसायला पण बरोबर वाटतायत, हळूहळू वर चढतायत.

पण रेघेवर माउस नेला की चौकटीत जो फॉर्म्युला दिसतो त्यात एका पंपाचा स्लोप (रेघेचा चढ) येतोय १.१५७ई-०७, म्हणजे १.१५७ भागिले एक कोटी, आणि त्याच्या पुढचा आकडा उणे १९६. कंपन उणे कसं असेल? आणि स्लोप एवढा शून्याजवळ असेल तर रेघ चढताना का दिसतेय? डेटा परत तपासला, त्यात सगळं ठीक आहे.

दुसरं, मला तीन रेघांऐवजी तिन्ही पंपांची मिळून एकच रेघ हवी आहे, म्हणजे एकूण कंपन वाढतंय का ते एका नजरेत कळेल, पण ठिपक्यांचे रंग मात्र पंपाप्रमाणे वेगळेच राहायला हवेत. कलर काढला तर रेघ एक होते पण रंग जातात. तिसरं, रेघ तुटक करायची आहे आणि ती भलीमोठी माहितीची चौकट नको. आणि शेवटचं, रेघ शेवटच्या ठिपक्यापाशी थांबते, ती पुढे तीनेक महिने न्यायची आहे, कंपन ५ च्या वर कधी जाईल ते बघायचंय. कुणी वाट दाखवेल का?


रेघोटी:

दिसण्याचं आधी सांगतो कारण ते पटकन होण्यासारखं आहे. एक रेघ हवी असेल तर कलर काढू नका, ट्रेंडलाइन_स्कोप नावाचा ऑप्शन आहे, तो डीफॉल्टला ट्रेस असतो म्हणजे प्रत्येक रंगाला एक रेघ, तिथे ओव्हरऑल लिहा, मग रंग तसेच राहतात आणि सगळ्यांची मिळून एक रेघ येते, लेजंडमधे तिचं नाव वेगळं दिसतं. तिचा रंग ट्रेंडलाइन_कलर_ओव्हरराइडने ठरवता येतो, काळा किंवा गडद राखाडी ठेवा म्हणजे ठिपक्यांत हरवत नाही.

तुटक करायला अपडेट_ट्रेसेस वापरायचं, आणि सिलेक्टरमधे मोड लाइन्स असलेले ट्रेस (ग्राफमधला ठिपक्यांचा किंवा रेघेचा एकेक संच) निवडायचे, कारण ठिपक्यांचा मोड मार्कर्स असतो आणि ट्रेंडलाइनचा लाइन्स, एवढ्या फरकावर दोन्ही वेगळे पकडता येतात. त्याच ठिकाणी लाइन_डॅशला डॅश किंवा डॉट द्या, जाडी द्या, आणि होव्हरइन्फोला स्किप दिलं की चौकट गेली. फॉर्म्युला नको पण किंमत हवी असेल तर होव्हरटेम्प्लेट स्वतः लिहा.

पंपागणिक रेघा ठेवल्यात तर लेजंडमधे पंपाच्या नावावर क्लिक केल्यावर ठिपके आणि रेघ दोन्ही एकदम लपतात, कारण दोघांचा लेजंडग्रुप एकच असतो. फक्त रेघा दाखवायच्या असतील तर फिगरच्या डेटामधले मोड लाइन्स असलेले तेवढेच ठेवून बाकीचे काढून टाकायचे, एका ओळीचं काम आहे.

स्लोपबद्दल दुसरं कुणी सांगेल, मी सहसा तो आकडा बघतच नाही, आर स्क्वेअर बघतो, रेघ ठिपक्यांशी किती जुळते ते सांगणारा ० ते १ मधला आकडा.


सहाक्ष:

स्लोपचं उत्तर मी देतो आणि जरा सविस्तर देतो, कारण ट्रेंडलाइनच्या सेटिंगमधे लोक रंग, जाडी, डिग्री सगळं बघतात पण लायब्ररीने क्ष म्हणून नेमका कुठला आकडा घेतलाय ते बघायचं राहून जातं आणि निम्म्याहून जास्त घोळ तिथेच असतो.

रेघ बसवायला आकडे लागतात, तारीख हा आकडा नाही. प्लॉटली एक्सप्रेस काय करतं तर तारखेचे सेकंद करतं, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो आकडा, आणि मग ओएलएस लावतं. म्हणजे तुमचा १.१५७ई-०७ हा स्लोप दर सेकंदाचा आहे. दिवसाला ८६,४०० सेकंद, तेवढ्याने गुणा, ०.०१ येईल. म्हणजे कंपन रोज ०.०१ ने वाढतंय, महिन्याला ०.३. हे काही शून्य नाही, ४ च्या आसपासच्या रीडिंगला महिन्याला ०.३ ही चांगलीच वाढ आहे.

उणे १९६ चं पण तेच कारण. तो इंटरसेप्ट आहे, क्ष शून्य असताना रेघ कुठे असेल ते, आणि इथे क्ष शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला त्या तारखेपासून २०,००० दिवस पूर्ण झाले, तर समजा त्या सुमारास रेघ ४ वर आहे आणि रोजचा चढ ०.०१ आहे, मग २०,००० दिवस मागे गेलं की २०० उतरणार, ४ वजा २०० म्हणजे उणे १९६. गणित बरोबर आहे, फक्त त्या आकड्याला काही अर्थ नाही, तेव्हा पंप होते का हाच प्रश्न आहे.

यावर माझा उपाय असा की तारीख कॉलम चित्रापुरता ठेवायचा आणि फिटसाठी दिवस नावाचा वेगळा कॉलम करायचा, पहिल्या रीडिंगच्या तारखेपासून किती दिवस झाले तो, टोटल_सेकंड्स काढून ८६,४०० ने भागलं की झालं, म्हणजे एकाच दिवसात दोन रीडिंग असतील तरी अपूर्णांकात नीट येतं. मग नमपाय लायब्ररीचं पॉलिफिट डिग्री १ ने, म्हणजे सरळ रेघ, ते आधी स्लोप देतं मग इंटरसेप्ट. आता स्लोप दर दिवसाचा आणि इंटरसेप्ट म्हणजे पहिल्या दिवशी रेघ कुठे होती ते, दोन्ही आकडे कुणालाही समजावून सांगता येतात. ही रेघ मग वेगळा ट्रेस म्हणून ग्राफमधे घालायची.

पुढे कधी वक्र रेघ बसवायची झाली तर हे आणखीच महत्त्वाचं. सेकंदातला आकडा साधारण १.७ गुणिले १० चा ९ वा घात एवढा असतो, त्याचा घन केला की १० चा २७ वा घात, आणि कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांश आकड्यात १५-१६ अंकच खात्रीचे असतात, तेव्हा पॉलिफिट वॉर्निंग देतं की फिट भरवशाचं नाही आणि लोक ती वॉर्निंग बंद करून पुढे जातात. पहिली तारीख वजा केली की हा प्रश्नच बहुतेक मिटतो. नमपायची नवी पद्धत पॉलिनॉमियल.फिट आहे, ती क्ष स्वतःच उणे १ ते १ मधे बसवून घेते, पण म्हणूनच तिचे सहगुणक कन्व्हर्ट केल्याशिवाय वाचायचे नाहीत, शिवाय क्रम पॉलिफिटच्या उलटा असतो, लहान घाताकडून मोठ्याकडे.

रेघ पुढे न्यायचं पण यातच आलं. एक्सप्रेसची रेघ डेटा जिथे संपतो तिथेच संपते, ते बरंच आहे असं मला वाटतं. स्वतः फिट केलंत की पुढच्या तारखांचे दिवस काढून किंमत काढता येते. पण मग ती पुढची रेघ वेगळ्या ट्रेसमधे आणि वेगळ्या डॅशने दाखवा, बघणाऱ्याला मोजलेलं कुठे संपलं आणि अंदाज कुठे सुरू झाला ते कळलंच पाहिजे.


रेघोटी:

हे भारी आहे, सेकंदाचं मला माहीत नव्हतं. एक भर घालतो, तारीख कॉलम मजकूर असेल तर एक्सप्रेस ट्रेंडलाइन काढतच नाही, एरर देतं की आधी डेटटाइम करा. ते एका अर्थी चांगलंय.


उतारावरून:

थांबा जरा, ती एक रेघ काढण्याआधी. ट्रेंडलाइन_स्कोप ओव्हरऑल हे बटण म्हणून बरोबर आहे पण या डेटाला ते लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, निदान आधी तपासल्याशिवाय तरी.

समजा पहिला पंप जुना आहे, त्याचं कंपन ५ च्या आसपास आणि त्याची बरीचशी रीडिंग वर्षाच्या सुरुवातीची. तिसरा नवा, शांत, २ च्या आसपास, आणि त्याची रीडिंग वर्षाच्या शेवटी शेवटी जास्त. दोघांचंही कंपन हळूहळू वाढतंय. आता सगळे ठिपके एकत्र करून रेघ काढा, डावीकडे ५ चा घोळका, उजवीकडे २ चा, रेघ खाली उतरणार! प्रत्येक पंप बिघडत चाललाय आणि एकूण रेघ सांगतेय की सगळं सुधारतंय. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, सिम्पसनचा पेपर १९५१ चा आहे, आणि हे पुस्तकातच राहणारं नाही, असमान अंतराने घेतलेल्या रीडिंगमधे हे सहज होतं.

तुम्हाला खरं हवंय ते म्हणजे प्रत्येक पंपाची स्वतःची पातळी वेगळी धरून सगळ्यांचा मिळून चढ किती. ते स्टॅट्समॉडेल्स नावाच्या पायथन पॅकेजमधे एका फॉर्म्युल्यात होतं, ते तुमच्याकडे असणारच कारण एक्सप्रेसची ओएलएस रेघ त्याच्याशिवाय चालत नाही. फॉर्म्युला असा की डावीकडे कंपन, मग टिल्ड (~ हे चिन्ह), मग दिवस अधिक सी आणि कंसात पंप. सी म्हणजे हा कॉलम गटाचा आहे आकड्याचा नाही. यातून प्रत्येक पंपाचा इंटरसेप्ट वेगळा आणि स्लोप सगळ्यांना एकच मिळतो, चित्रात तीन समांतर रेघा येतात. एका नजरेत कळायला हवं म्हणालात ना, तो एक स्लोप ग्राफच्या शीर्षकात लिहा, एक रेघ काढण्यापेक्षा ते खरं असेल.

आणि अधिकच्या जागी गुणिले टाकून बघा एकदा, त्याने प्रत्येक पंपाचा स्लोप वेगळा मिळतो. ते एकमेकांपासून फार लांब असतील तर एक आकडा करायच्या भानगडीत पडूच नका, तीन पंप तीन रेघा.

अजून एक, आर स्क्वेअरवर फार विसंबू नका रेघोटीभाऊ. अ‍ॅन्सकोम्बचे १९७३ चे चार डेटासेट बघा, प्रत्येकात ११ ठिपके, चारही ठिकाणी रेघ साधारण ३ अधिक ०.५ क्ष, आर स्क्वेअर चारही ठिकाणी ०.६७ च्या आसपास, आणि चित्रं काढली तर एक सरळ, एक वाकडं, एकात एकच ठिपका सगळी रेघ ओढतोय, आणि एकात तर एक सोडून सगळे ठिपके एकाच उभ्या ओळीत. चारही ठिकाणी आकडा तोच.


बिंदूमाळ:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ८६,४०० ने गुणल्यावर बरोबर ०.०१ आला, आता डोक्यात प्रकाश पडला.

तीन रेघा वेगळ्या ठेवतोय. दिवस अधिक सी पंप पण करून बघतो. एक माहिती आधी दिली नव्हती ती देतो कारण आता वाटतंय तिचा संबंध आहे, दुसऱ्या पंपाचं बेअरिंग मधे बदललं होतं, साधारण सहाव्या महिन्यात, त्यानंतर कंपन एकदम खाली आलं आणि परत हळूहळू चढायला लागलं. त्याची ट्रेंडलाइन जवळजवळ आडवी येतेय. ते ठिपके काढून टाकू का? आणि तिथे लोएस वापरावं का, ते वाकडं होतं ना डेटाप्रमाणे?


उतारावरून:

काढू अजिबात नका! तोच तर सगळ्यात कामाचा भाग आहे. आधीचा चढ आणि नंतरचा चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे एक पायरी आहे, आणि पायरीवर सरळ रेघ टाकली की दोन्ही चढ एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून आडवी येतेय. टप्पा नावाचा एक कॉलम करा, बेअरिंग बदलण्याआधी आणि नंतर, बाकी दोन पंपांना एकच टप्पा. मग एक्सप्रेसमधे कलरला पंप आणि सिम्बॉलला टप्पा द्या. एक्सप्रेस रंग आणि सिम्बॉल दोन्हीप्रमाणे ट्रेस वेगळे करतं आणि प्रत्येक ट्रेसला आपली रेघ मिळते, म्हणजे दुसऱ्या पंपाला त्याच रंगाच्या दोन रेघा येतील. फॉर्म्युल्यात पण पंपाऐवजी पंप आणि टप्पा जोडून केलेला गट द्या.

आणि मग तुलना करा, नवीन बेअरिंगचा चढ जुन्याइतकाच असेल तर कारण बेअरिंगच्या बाहेर कुठेतरी आहे, अलाइनमेंट, पाया, बॅलन्स, काहीतरी. हे रेघ सांगणार नाही पण कुठे बघायचं ते नक्की सांगेल.


खिडकी५:

लोएसबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. लोएस हे क्लीव्हलँडचं १९७९ चं काम, प्रत्येक ठिकाणी आजूबाजूचे ठिपके घेऊन छोटी रेघ बसवायची, जवळच्याला वजन जास्त लांबच्याला कमी, आणि त्या सगळ्या छोट्या रेघांमधून एक वक्र तयार होतो. किती आजूबाजूचे घ्यायचे ते फ्रॅक नावाचा ऑप्शन ठरवतो, ट्रेंडलाइन_ऑप्शन्समधे द्यायचा. एक्सप्रेसमधे डीफॉल्ट दोन तृतीयांश आहे, म्हणजे ६० ठिपके असतील तर प्रत्येक ठिकाणी ४० ठिपक्यांचा विचार होतो, तेव्हा तुमची बेअरिंगची पायरी सपाट उतारासारखी दिसेल आणि असं वाटेल की कंपन दोन महिने हळूहळू कमी होत होतं, जे झालेलंच नाही. फ्रॅक ०.२ केलं तर पायरी जवळपास दिसेल पण बाकी ठिकाणी वक्र थरथरायला लागेल. म्हणजे पायरी माहीत असेल तर टप्पे करणंच बरोबर, लोएस हे काहीच माहीत नसताना आकार शोधायला चांगलं. त्याला फॉर्म्युला नसतो, स्लोप नसतो, आणि पुढे नेता येत नाही.

रोलिंगचं, म्हणजे ओएलएसऐवजी सरकत्या सरासरीची रेघ देणाऱ्या ऑप्शनचं, पण तसंच बघून वापरा. विंडो ५ दिली तर ते ५ दिवस नाहीत, ५ रीडिंग आहेत. तुमच्याकडे कधी पाच रीडिंग दहा दिवसांत येतात आणि कधी दोन महिन्यांत, म्हणजे एकच रेघ पण डावीकडे तिचा अर्थ वेगळा आणि उजवीकडे वेगळा. पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीमधे इंडेक्स तारखेचा असेल तर विंडोला ३० दिवस असं वेळेत सांगता येतं, ३० आणि त्यापुढे दिवसाचं अक्षर डी, तसं करून सरासरी काढा आणि रेघ म्हणून घाला. ५ रीडिंगची विंडो घेतली तर पहिल्या चार ठिकाणी रेघ नसते, ते बग नाही. आणि एखादं रीडिंग वेडंवाकडं असेल तर सरासरीऐवजी मिडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, एक्सप्रेसच्या रोलिंगमधे फंक्शन ऑप्शनला मिडियन देता येतं.

वेडंवाकडं म्हणण्यावरून आठवलं, ओएलएसमधे टोकाचा एक चुकीचा ठिपका पूर्ण रेघ फिरवू शकतो, विशेषतः तो तारखेच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर. अशा वेळी सायपाय लायब्ररीमधलं थिलस्लोप्स वापरून बघा. थिलचं काम १९५० चं आणि सेनचं १९६८ चं, कल्पना इतकी साधी की मला ती फार आवडते, ठिपक्यांच्या प्रत्येक जोडीचा स्लोप काढायचा आणि त्या सगळ्यांचा मिडियन घ्यायचा. सुमारे २९ टक्के ठिपके खराब असले तरी तो भरकटून जात नाही. फक्त सांभाळा, त्यात आधी वाय द्यायचा असतो मग एक्स, आणि सायपायच्याच सरळ रेघेच्या लिनरिग्रेसमधे आधी एक्स मग वाय. उलटं दिलं तर एरर येत नाही, उत्तर येतं, चुकीचं. ओएलएस आणि हा, दोघांचे स्लोप जवळजवळ सारखे आले तर निश्चिंत व्हा, लांब आले तर एखादा ठिपका शोधायला लागा.


चौकटवाला:

इथेच विचारतो, मी हेच चार्ट.जेएसमधे करतोय ब्राउझरवर, ट्रेंडलाइन प्लगइन टाकलंय, डेटासेटमधे ट्रेंडलाइनलिनियर दिलंय, रंग जाडी सगळं जमलं. पण तोच डेटा पायथनमधे टाकला तर रेघ वेगळी येते, थोडी नाही, चांगलीच वेगळी. असं का?


सहाक्ष:

तुमचा क्ष अक्ष कॅटेगरी आहे का बघा, म्हणजे तारखा लेबल म्हणून मजकुरात दिल्यात का. तसं असेल तर चार्ट.जेएस तारखा समान अंतरावर मांडतं, दोन दिवसांची गॅप आणि तीन आठवड्यांची गॅप दोन्ही एकाच रुंदीच्या, आणि रेघ बसते ती पहिलं, दुसरं, तिसरं अशा क्रमांकावर. म्हणजे स्लोप दर दिवसाचा नाही, दर रीडिंगचा. गॅप जिथे मोठी तिथे खरा चढ मंद असतो पण तुमच्या चित्रात तो उभा चढ दिसतो. इथे एरर वगैरे काही येत नाही म्हणून हे जास्त धोक्याचं.

अक्षाचा टाइप टाइम करा आणि डेटा एक्स आणि वायच्या जोड्यांत द्या. टाइम अक्षाला डेट अ‍ॅडॅप्टर वेगळा जोडावा लागतो (तारखा वाचून देणारं छोटं पॅकेज), तो नसेल तर चार्ट उघडतच नाही. आणि हो, जावास्क्रिप्टमधे वेळ मिलिसेकंदात असते, तेव्हा स्लोप हातात आला तर दिवसासाठी ८६,४०० ने नाही, ८,६४,००,००० ने गुणा.

गूगल चार्ट्समधे पण हाच मुद्दा आहे पण वेगळ्या तऱ्हेने समोर येतो, तिथे पहिला कॉलम मजकूर असेल तर ट्रेंडलाइन येतच नाही, तारीख किंवा आकडा लागतो. ट्रेंडलाइन्समधे सिरीजचा क्रमांक ० पासून द्यायचा, टाइप लिनियर, एक्स्पोनेन्शियल किंवा पॉलिनॉमियल, आणि पॉलिनॉमियल म्हणून डिग्री दिली नाहीत तर ती ३ धरली जाते, ते लक्षात ठेवा, लोकांना वाटतं २ असेल.


चौकटवाला:

कॅटेगरीच होता. टाइम केला, रेघ जुळली. धन्यवाद!


उतारावरून:

बिंदूमाळ, तुमच्या ५ च्या वर कधी जाईल त्या प्रश्नावर कुणी अजून बोललं नाही. समजा आज रेघ ४ वर आहे आणि चढ दिवसाला ०.०१, तर १ वाढायला १०० दिवस. पण तो ०.०१ नक्की किती नक्की आहे? स्टॅट्समॉडेल्सच्या समरीमधे स्लोपच्या शेजारी ९५ टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. ती समजा ०.००६ ते ०.०१४ असेल तर उत्तर ७१ दिवस ते १६७ दिवस यात कुठेही असू शकतं, म्हणजे दुपटीहून मोठा फरक. आणि बघा, ही रेंज १०० च्या दोन्ही बाजूला सारखी नाही, उशिराच्या बाजूला जास्त पसरते, कारण आपण स्लोपने भागतोय. मी असतो तर बोर्डावर १०० दिवस असं लिहिलं नसतं, ७० दिवसांनंतर लक्ष ठेवा असं लिहिलं असतं.

रेघेभोवती ही अनिश्चितता दाखवणारा पट्टा काढायचा असेल तर एक्सप्रेस स्वतः देत नाही, सीबॉर्नचं रेगप्लॉट आणि आरमधलं जीजीप्लॉट२ न मागताच ९५ टक्क्यांचा पट्टा देतात. स्टॅट्समॉडेल्समधे गेट_प्रेडिक्शन करून समरी_फ्रेम मागा, त्यात दोन जोड्या मिळतात. मीन सीआय म्हणजे रेघ कुठे असेल त्याचा पट्टा, तो अरुंद असतो. ऑब्स सीआय म्हणजे पुढचं एखादं रीडिंग कुठे येईल त्याचा, तो बराच रुंद. ५ च्या वर रीडिंग कधी जाईल हा प्रश्न असेल तर दुसरा पट्टा लागतो, आणि अहवालांत सर्रास पहिला काढलेला असतो.

आणखी एक शंका. रीडिंगची गॅप असमान आहे म्हणालात, ती का असमान आहे? कंपन वाढल्यासारखं वाटलं की लोक रोज मोजतात, शांत असलं की तीन आठवडे कुणी फिरकत नाही. तसं असेल तर वाईट दिवसांचे ठिपके जास्त आणि रेघ त्यांच्याकडे ओढली जाते. प्रत्येक पंपाचा आठवड्याचा मिडियन काढा, पांडाजमधे रिसॅम्पल करून, आणि त्यावर रेघ बसवून बघा. ठिपके सगळेच दाखवा, फिट तेवढं आठवड्याच्या आकड्यांवर करा.


बिंदूमाळ:

अगदी तसंच आहे, आवाज यायला लागला की रोज मोजतो.

काल सगळं बसून केलं. टप्पे केले, आठवड्याचा मिडियन घेतला, दिवस कॉलमवर फिट केलं. दुसऱ्या पंपाच्या दोन रेघा आता स्पष्ट दिसतायत आणि नवीन बेअरिंगचा चढ जुन्याइतकाच निघाला, म्हणजे कारण दुसरीकडेच आहे, अलाइनमेंट तपासायला सांगितलंय. पहिल्या पंपाचा स्लोप मिडियन घेतल्यावर ०.०१ वरून ०.००८ झाला. थिलस्लोप्सने पण जवळपास तेवढाच येतोय. एकच आकडा करायचा नाद सोडला, तिसऱ्याचा चढ बाकीच्यांच्या निम्मासुद्धा नाही.

एक शेवटचं अडलंय. बेअरिंग बदललं त्या तारखेला उभी रेघ टाकायची आहे, वर लिहायचंय बेअरिंग बदललं म्हणून. अ‍ॅड_व्हीलाइनमधे तारीख दिली तर रेघ येते पण त्यातच अ‍ॅनोटेशन_टेक्स्ट दिलं की एरर येतो, टाइपएरर, बेरजेबद्दल काहीतरी.


रेघोटी:

हे मला माहीत आहे. काही व्हर्जनमधे असं होतं, अ‍ॅनोटेशन कुठे ठेवायचं त्याची जागा काढताना ते तारखेची बेरीज करायला जातं आणि तारखांची बेरीज होत नाही. दोन वाटा आहेत. एक, अ‍ॅड_व्हीलाइन मजकुराशिवाय करा आणि अ‍ॅड_अ‍ॅनोटेशन वेगळं करा, त्यात एक्सला तारीख, वायला १, आणि वायरेफला पेपर द्या म्हणजे मजकूर ग्राफच्या वरच्या कडेला बसतो. दुसरी, तारखेऐवजी टाइमस्टॅम्प द्या, पण तो सेकंदात नाही, १००० ने गुणून मिलिसेकंदात, कारण ट्रेंडलाइनचं फिट पायथनमधे सेकंदांवर होत असलं तरी चित्र काढणारी बाजू जावास्क्रिप्टची आहे आणि तिला मिलिसेकंद लागतात. सेकंद दिलेत तर उभी रेघ १९७० सालात जाऊन बसेल आणि सगळे ठिपके उजव्या कडेला एका पट्टीत गोळा होतील. मी पहिलीच वाट घेतो, मजकूर थोडा सरकवायचा असेल तर एक्सशिफ्टने सरकवता पण येतो.


बिंदूमाळ:

पहिलीने झालं. एक्सशिफ्ट ५ दिला, एक्सअँकर लेफ्ट, मजकूर रेघेला चिकटत नाही आता.